कवळी आणि कावळा

माझ्या थोरल्या भावाला आम्ही अग्नी दिला, तेव्हा त्याच्या तोंडात माझे दात होते.

वाक्य पुन्हा वाचू नका, बरोबरच लिहिले आहे. अण्णाच्या तोंडात माझी कवळी आणि माझ्या तोंडात अण्णाची. अशा अवस्थेत मी स्मशानात उभा होतो आणि मागे लोक कुजबुजत होते, "बापूंना शब्द फुटत नाहीये बघा. केवढी माया!" शब्द फुटत नव्हता, कारण तोंड उघडले असते तर वरची पट्टी खाली आली असती. (ती चितेत पडली असती, तर पुढचे सगळे टळले असते म्हणा!)

श्रीवर्धनात माझी जी कीर्ती झाली आहे, ती साफ खोटी आहे. "भावासाठी पोफळी सोडणारे बापू" म्हणून लोक मला ओळखतात. कुणाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेनासा झाला, की मला बोलावणे येते. मी हात जोडले की कावळा उतरतो म्हणे! मीही जातो. गेल्यावर पाट मिळतो, चहा मिळतो, मान मिळतो. वहिनी होती तोवर मला खरे सांगायला तोंड उघडता येत नव्हते. (कवळीमुळे नव्हे, ही एकच वेळ अशी.) आता ती गेली. तेव्हा सांगून टाकतो.

अण्णा माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा. लहानपणापासून आमची एकच गोष्ट चाले : एकाने जे केले ते दुसऱ्याने जास्त चांगले केल्याचे सांगायचे. त्याने विहिरीत उडी मारली की मी काठावरच्या माडावरून मारायची. मला गोवर आला तेव्हा त्याला कांजिण्या आल्या, आणि कांजिण्या कशा जास्त वाईट हे तो साठीनंतरही सांगे. मी मुंबईला कारकुनी करून, बायको गेल्यावर, परत वाडीत आलो. अण्णाने जन्मभर वाडीच केली. घर एक, चूल एक, वहिनीच्या हातची. वाडी मात्र दोघांत वाटलेली, मधे बांध. आणि त्या बांधावरच, विहिरीकडे, सुपारीच्या झाडांची एक रांग होती. ती पोफळी कुणाची, हे वडील सांगून गेले नव्हते. बहुधा मुद्दामच.

दात पडण्यातही आमची शर्यत. अण्णाचे सुपारीने गेले, माझे आळसाने. माझी शेवटची दाढ पडली तेव्हा त्याची एक शिल्लक होती. ती त्याने महिनाभर मिरवली. येईल त्याच्यासमोर आ करायचा!

ती पडल्यावर आम्ही दोघे बोर्ली पंचतनला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मापे झाली, फेऱ्या झाल्या, दोघांच्या कवळ्या एकाच दिवशी तयार झाल्या. बाईंनी बसवून, घासून, पुन्हा बसवून दाखवल्या. उत्तम बसल्या होत्या. निघताना बाई म्हणाल्या, "आजोबा, सुरुवातीला थोडं टोचेल. सवय होईल. फार टोचलं तर या, घासून देईन."

यातले "सवय होईल" एवढेच आम्ही घरी आणले.

रात्री कवळ्या पाण्यात ठेवायच्या होत्या. मागच्या पडवीत, मोरीच्या खिडकीत दोन स्टीलच्या वाट्या ठेवल्या. उजवी अण्णाची, डावी माझी. सकाळी उठून पाहतो तर वहिनी मोरीत बसून, नारळाची शेंडी आणि राख घेऊन, दोन्ही कवळ्या तपेल्यासारख्या घासत होती.

"अहो वहिनी! हे काय?"

"पिवळट दिसत होत्या भावजी. लख्ख केल्यात. वाट्याही घासल्यात." आणि तिने वाट्यांत पाणी घेऊन कवळ्या खिडकीत मांडल्या. कोणती कुठे मांडली, हे तिला विचारायचे मला सुचले नाही. दात म्हणजे काय चपला आहेत, अदलाबदल व्हायला?

त्या सकाळपासून टोचायला लागले. जबडे दोन्ही आमच्या वडिलांचेच, त्यामुळे कवळी तोंडात जायची. पण बसायची नाही. डावीकडून रुतायची, उजवीकडून उचलायची, आणि 'स' म्हटला की शिट्टी वाजायची.

"कशी काय बसलीय रे?" अण्णाने चहा पिताना विचारले.

"झकास," मी म्हणालो. "तुझी?"

"मला तर वाटतं, आतूनच उगवलीय!" अण्णा गालाला हात लावून म्हणाला.

झाले! आता जो आधी डॉक्टरीणबाईंकडे जाईल तो हरला. दोघेही गेलो नाही.

पुढची हकिकत माझ्या हिरड्या जास्त चांगली सांगतील. गणपतीत मी उकडीचा मोदक तोंडात घातला आणि बाहेर ओढला, तर मोदकाला वरचे सगळे दात. त्याच दिवशी आरतीत मी आवाज चढवला आणि खालची पट्टी नेमकी तबकात, कापराशेजारी पडली. आरती थांबली. फक्त अण्णा म्हणाला, "बापू, देवाला नैवेद्य दाखवावा. दात काय दाखवतोस?" सगळे हसले. अण्णा हसला नाही. मला तेव्हा वाटले, किती मोठे मन! हसताना त्याची सुटेल, या भीतीने तो हसत नव्हता, हे मला कळायला हवे होते.

अण्णाचे बोलणे कमी होत गेले. गप्पिष्ट माणूस, दारावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवणारा, नुसती मान हलवू लागला. लोकांना वाटले, विरक्ती आली. मग काय, लोक सल्ला विचारायला यायला लागले! मुलीचे लग्न ठरवू का, होडीला नवे मशीन घेऊ का. अण्णा डोळे मिटून दुखणारी बाजू चेपायचा आणि "हं" म्हणायचा. लोक पाया पडून जायचे.

जेवणही गेले. मऊ भात, ताक, कधी नुसती पेज. ज्याच्या वाडीत सुपारी, ज्याच्या खिशात कायम अडकित्ता, तो माणूस संध्याकाळी ओटीवर बसून सुपारी कातरायचा, अगदी केसासारखी बारीक, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवायचा. स्वतः खात नसे. "सोडली," म्हणायचा. मीही घेत नसे. मीही "सोडली" होती.

मग विहिरीकडच्या पोफळीवरून आमचे भांडण झाले. ते दर वर्षी सुपारी उतरवताना व्हायचेच, पण त्या वर्षी नव्या दातांनी झाले.

"रांग माझ्या अंगाला आहे," अण्णा म्हणाला. "डोळे असतील तर बघ, माझ्याकडे झुकलीय."

"वाऱ्याने झुकलीय! उद्या वारा फिरला की माझ्याकडे झुकेल!"

"मग फिरव वारा! आहे हिंमत तर फि..."

'फि' म्हणताना त्याची खालची पट्टी सुटली आणि पाण्याच्या पाटात जाऊन पडली. भांडण थांबले. दोन म्हातारे ओणवे होऊन चिखलात हात घालू लागले. शेवटी झाडावर चढलेल्या काशिनाथने, आमच्या गड्याने, वरूनच सांगितले, "त्ये काय अळवाच्या बुडाशी. हसतंय न्हाय का?" अण्णाने पट्टी उचलली, धोतराला पुसली, तोंडात घातली आणि म्हणाला, "तर काय सांगत होतो मी?"

मी काय म्हणावे? "सवय करून घ्यावी लागते, अण्णा. मला बघ, काही त्रास नाही."

त्याचा चेहरा मला अजून दिसतो.  पोफळीचा विषय त्याने तिथेच सोडला आणि घराकडे चालू लागला.

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. दुपारी वीज गेलेली, मी चष्मा न लावता मोरीकडे गेलो, हाताला लागली ती वाटी उचलली आणि कवळी तोंडात घातली. टक्! बसली. डावीकडे रुतणे नाही, उजवीकडे उचलणे नाही. मला वाटले, झाली सवय! डॉक्टरीणबाई देवमाणूस! मी डबा काढला आणि फणसाचे तळलेले गरे खायला लागलो. कुर्र, कुर्र! तो आवाज आपल्याच तोंडातून ऐकून माझा ऊर भरून आला. डबा अर्धा संपला तेव्हा चष्मा लावून पाणी घ्यायला मोरीकडे गेलो. खिडकीतली उजवी वाटी रिकामी होती. आणि डावीत, माझ्या वाटीत, कवळी होती.

अण्णा ओटीवर झोपाळ्यावर निजला होता. गाल आत गेलेले, तोंड उघडे. मी त्याला हलवून म्हणायला हवे होते, "अरे गाढवा, ऊठ! आपण एकमेकांचे दात घालून फिरतोय!" वाडीभर हसू झाले असते. संध्याकाळी दोघांनी सुपारी खाल्ली असती.

मी उठवले नाही. वाटले, त्याने एकदा तरी म्हणावे, "बापू, टोचतंय रे." एवढेच. मग मी लगेच सांगणार होतो. मी कवळी काढली, धुतली, त्याच्या वाटीत ठेवली आणि टोचणारी पुन्हा स्वतःच्या तोंडात बसवली. याला म्हणतात निर्धार! स्वतःच्या हिरड्या सोलून मी भावाला धडा शिकवत होतो, आणि धडा चालू आहे याचा भावाला पत्ताच नव्हता.

रोज विचारायचो मात्र. "काय अण्णा, टोचतंबिचतं का?"

"छे! झकास."

"मलाही झकास."

दिवाळीत वहिनीने चकल्या केल्या. अण्णाने एक उचलली, बोटांत फिरवून फिरवून पाहिली, आणि माझ्या ताटात ठेवली. "तू खा बापू. तुला चांगले बसलेत." मी खाल्ली. डोळ्यांत पाणी आले. हिरडी सोलली गेली होती, हे एक कारण.

त्याच थंडीत अण्णा गेला. छातीत कळ आली आणि दुपारचा चहा व्हायच्या आत सगळे संपले. "टोचतंय" तो म्हणालाच नाही.

त्याचा मुलगा दिलीप पनवेलहून पोहोचला. अण्णाला न्हाऊ घातले, तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, तोंड बसलंय हो त्यांचं. लोक शेवटचं बघायला येतील. दात तेवढे घाला."

मी मोरीकडे गेलो. खिडकीत त्याची वाटी. वाटीत माझी कवळी. त्याची माझ्या तोंडात. या घडीला मी नुसता स्वार्थी असतो तरी भागले असते! स्वतःच्या तोंडातली काढून त्याला दिली असती, तर त्याचे त्याला मिळाले असते आणि मला जन्मभराचे माझे. पण मी नुसता वाटीकडे बघत उभा राहिलो. बाहेरून वहिनीने हाक मारली, "आणताय ना?" आणि मी वाटी उचलून चालू लागलो. अप्रामाणिक तरी माणसाने नीट असावे!

दात बसेनात. कसेबसे बसवले तर ओठ मिटेनात. अण्णा हसऱ्या चेहऱ्याने पडून राहिला. वाडीतली माणसे येऊन बघत होती आणि डोळे पुसत होती. "किती समाधान आहे चेहऱ्यावर!" म्हणत होती. मी खांबाला धरून उभा होतो.

दहाव्याला आम्ही खाडीकाठच्या घाटावर गेलो. पिंड मांडले, बाजूला झालो. समोरच्या सुरूच्या झाडावर कावळे होते. एकही हलेना. ऊन वर आले. गुरुजी म्हणाले, "इच्छा राहिली असेल काही. बोला एकेक जण."

दिलीप पुढे झाला. "अण्णा, आईची काळजी करू नका. तिला मी पनवेलला नेतो."

कावळे उडून आणखी लांबच्या झाडावर बसले.

"मला नाही यायचं पनवेलला!" वहिनी रडता रडता म्हणाली. "त्यांना ठाऊक आहे ते!"

"बरं, नाही नेत!" दिलीप ओरडला.

दोन कावळे पहिल्या झाडावर परत आले. पण पुढे येईनात. मग वहिनीने पदराची गाठ सोडली आणि पिंडाशेजारी अण्णाच्या आवडीची सुपारी ठेवली, वाडीतलीच. एक कावळा खाली उतरला.  त्याने सुपारीला एक टोच मारली, मान वाकडी करून तिच्याकडे पाहिले, आणि निघून गेला.

"चावत नसंल," मागून काशिनाथ हळूच म्हणाला.

मी ओठ घट्ट दाबून धरले.

गुरुजींना आणखी एकीकडे जायचे होते. ते म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून शिवतो." त्यांनी दर्भ हातात घेतला, तशी वहिनी पुढे आली. "नको हो, गुरुजी! जन्मभर मनातलं बोलले नाहीत. शेवटचे काही महिने तर तोंडच उघडलं नाही. आता तरी खरा कावळा शिवू दे. काय हवंय त्यांना, कुणालाच कसं कळत नाही?"

मला कळत होते. सगळ्या घाटावर मला एकट्याला कळत होते, आणि जे हवे होते ते माझ्या तोंडात होते.

मी पुढे गेलो. सगळ्यांकडे पाठ करून पिंडासमोर गुडघे टेकले, रुमाल तोंडाशी धरला आणि दोन्ही पट्ट्या काढून पानावर ठेवल्या. मग बोळक्या तोंडाने, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणालो, "अण्णा, चुकलो! कवळी तुझी! कवळी तुझीच आहे, घे!"

दात नसले की 'क' आणि 'व' यांचे काय होते, ते मला आधी माहीत नव्हते. मागे उभ्या असलेल्या पन्नासएक माणसांनी एकच ऐकले : "पोफळी तुझी! पोफळी तुझीच आहे!"

आणि कावळा आला. थेट आला. आधी त्याने माझ्या, म्हणजे अण्णाच्या, गुलाबी हिरडीवर चोच मारली (त्याला कोळंबी वाटली असावी), मग भातावर. "शिवला! शिवला!" घाटावर गलका झाला. वहिनी खाली बसून ओक्साबोक्शी रडू लागली.

आणि मी? ज्याला आत्ता दात अर्पण केले, त्याच्या पानावरून माझा हात आपोआप पुढे झाला आणि दात रुमालात, रुमाल खिशात! दुसऱ्या दिवशी जेवायचे होते ना!

दिलीपने येऊन मिठी मारली. "बापूकाका! विहिरीकडची पोफळी तुम्ही सोडलीत! त्यांचा जीव त्यातच अडकला होता!"

"पवळी रे!" मी कळवळून म्हणालो. "पवळी! पवळी!"

"हो काका, कवळी काय न् जून काय, सगळीच पोफळी! कळलं आम्हाला!"

वहिनीने मला हात जोडले. "भावजी, यांच्या मनातलं शेवटी तुम्हालाच कळलं."

हे वाक्य खरे होते, हीच पंचाईत. तिथेच खुलासा केला असता. पण कवळ्या बदलल्या म्हणजे कधी बदलल्या, असा प्रश्न आला असता, आणि मग राख, नारळाची शेंडी आणि लख्ख घासलेल्या दोन वाट्या वहिनीला आठवल्या असत्या. नवऱ्याच्या तोंडचा घास आपल्या हातून गेला, असे ती मरेपर्यंत म्हणत बसली असती. घास तिच्या हातून गेला नव्हता. तिने एका सकाळी चूक केली; मी ती रोज दोन वेळा धुऊन वाटीत ठेवली.

म्हणून पोफळी गेली ती गेली. पिंडासमोर दिलेला शब्द, तोही कावळ्याने शिवलेला, परत कसा घेणार? दिलीपने रांगेच्या बाजूने नवा बांध घातला. माझ्या वाट्याला कीर्ती आली, जी चावायला लागत नाही.

वहिनी गेल्या चैत्रात गेली. तिच्या दहाव्याला लोकांनी माझ्यासाठी पुढे वाट करून दिली होती. जरूरच पडली नाही. पिंड नीट मांडून व्हायच्या आत कावळा शिवला. तिच्या मनात काही नव्हतेच.

दिलीप, हे तू वाचशील. पोफळी परत देऊ नकोस. ती अण्णाचीच होती. त्याच्याकडेच झुकली होती. आणि नवी कवळी करून घ्या म्हणून मागे लागू नकोस. माझे एकच काम कर. मी गेलो की ही कवळी माझ्या तोंडात घाल. बसणार नाही, ओठ मिटणार नाहीत, लोक म्हणतील किती समाधान. म्हणू देत. मला ती पोहोचवायची आहे. वर गेल्या गेल्या अण्णाला गाठायचे, त्याचे दात त्याच्या हातात ठेवायचे, माझे मागून घ्यायचे, आणि सगळे कबूल करायचे, असे मी ठरवले आहे.

पण मला भाऊ माहीत आहे. तो गालाला हात लावून म्हणेल, "कशाला रे? मला तर हीच झकास बसलीय."

आणि मी, गाढव, म्हणेन, "मलाही."